तुलनेसाठी एक मूल

साडेदहाला बोलावलेलं मूल आलंच नाही. त्याला ताप भरला होता, आणि मेंदूचे आलेख काढणाऱ्या तंत्रज्ञ बाईंचा जीव टांगणीला लागला. डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे वाचताना अक्षरांशी अडखळणाऱ्या, वीस मुलांचे आलेख तयार होते. तुलनेसाठी सफाईने वाचणारी वीस मुलं हवी होती, त्यातली एकोणीस झाली होती. मोठ्या डॉक्टरीणबाईंना आकडे आजच हवे होते. त्या दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत होत्या.

बाहेरच्या खुर्चीवर बाईंची आठ वर्षांची लेक होती, शाळेला सुट्टी म्हणून सोबत आणलेली. खुर्चीवर म्हणजे नावाला, एरवी ती सगळीकडे भिरभिरत होती. घरात तिला भिंगरीच म्हणत.

"हिला घेऊ का?" बाईंनी दारात आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"वाचते ना नीट?"

"घडाघडा!"

डोक्यावर यंत्राची तारांची टोपी चढवण्याआधी मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यायचं, असा नियम होता. बाईंनी त्या रकान्यात सरळ 'उत्तम' लिहून टाकलं. रोज रात्री शेजारी बसून गोष्ट वाचणारी पोर, तिची कसली परीक्षा घ्यायची!

टोपीच्या भोकांतून गार, चिकट जेल भरताना भिंगरी मान काढून घेऊ लागली. "यात डोक्यातलं सगळं दिसतं?"

परक्या मुलांना बाई इथे थांबून नीट समजावत, की यात विचार दिसत नाहीत, फक्त मेंदूतली बारीकशी वीज दिसते. आज वेळ नव्हता.

"सगळं दिसतं. म्हणून गप्प बसायचं," त्या म्हणाल्या आणि काचेमागे पळाल्या.

पडद्यावर शब्द येऊ लागले. खरा शब्द दिसला की हिरवं बटण, उगाच जुळवलेला दिसला की लाल. आलेखाच्या रेषा मात्र जाड, दाट होऊन थरथरत होत्या. पोरीने दात आवळले होते, त्या स्नायूंची वीजच रेषांत उमटत होती.

"जबडा सैल सोड!" बाई माइकमध्ये म्हणाल्या. रेषा क्षणभर निवळल्या आणि पुन्हा पिसाळल्या. भिंगरीचे पाय हलत होते, खांदे कानांना भिडले होते. कोपऱ्यातला बरोबर उत्तरांचा आकडाही धड वर सरकेना. हिरवं, लाल, हिरवं, लाल, पोर नुसती आळीपाळीने बटणं दाबत होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजच हिला नखरे सुचावेत! दारात डॉक्टरीणबाई उभ्या, आणि इथे पोटची पोर अब्रू घालवतेय. त्यांनी यंत्र थांबवलं, मघाशी वगळलेलं वाचनाचं पान उचललं आणि तरातरा आत गेल्या.

"खेळ चाललाय का? वाच हे."

भिंगरीने पानाकडे पाहिलं. मग आईकडे पाहून गोड हसली. "आधी तू एकदा वाच ना. मग मी."

बाईंचा हात तसाच राहिला. हे वाक्य त्यांनी रोज रात्री ऐकलं होतं. लेकीला आपल्या आवाजाची केवढी ओढ, म्हणून त्या कौतुकाने आधी वाचत. मग पोर तेच पान बोट फिरवत म्हणून दाखवी. एक शब्द चुकत नसे.

"आज तू आधी," त्या हळूच म्हणाल्या.

भिंगरीने बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. ओठ हलले, आवाज आला नाही. बोट पुढे सरकलं, परत मागे आलं. मग तिने पान उलटं ठेवलं.

"सांगितलं ना त्याने तुला?" तिने यंत्राकडे रागाने पाहिलं.

"काय?"

"मला वाचता येत नाही ते."

वीस आयांना बाईंनी याच खोलीत धीर दिला होता, की मूल ढ नाही, आळशी नाही, वेळेत लक्षात आलं हे बरं झालं. ती सगळी वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. आता मात्र त्यांनी नुसतं ते उलटं पान उचलून बाजूला ठेवलं.

"झालं का?" दारातून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिचा आलेख धरू नका," बाई म्हणाल्या. "मी हिची वाचन चाचणी घेतलीच नव्हती." डॉक्टरीणबाईंनी एकदा दोघींकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

बाई खाली बसल्या. लेकीच्या कपाळावर ओघळलेलं जेल पुसता पुसता त्यांनी विचारलं, "कधीपासून गं?"

"पहिलीपासून," भिंगरी म्हणाली. "तू दमून यायचीस ना. आणि मी वाचलं की किती खूश व्हायचीस."