पिस्ता रंगाच्या खुर्च्या

आर्मेलनं पिशवीत दोनच वस्तू घातल्या: चष्मा आणि पन्नास वर्षांपूर्वीची निळी वही. दार ओढून घेतलं आणि बंदराच्या धक्क्याच्या कडेकडेनं ती थिएटरकडे निघाली.

दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी दोन वाजता, गावातल्या एकुलत्या एका थिएटरात दिग्दर्शक लागादेकचा तो सिनेमा लागे. धक्क्याजवळच्या हॉटेलातच तो चित्रित झाला होता, त्यामुळे गावाला तो घरचा वाटे. लोक नटांच्या आधी संवाद म्हणून मोकळे होत. शेवटून दुसरी रांग मात्र सिनेमाच्या पडद्यामागे काम केलेल्या मंडळींसाठी राखलेली असे. पूर्वी तिथे दहा जण बसत. आता दोघंच उरले होते: आर्मेल आणि रंगारी इव्हों.

इव्हों दारातच उभा होता, टोपी हातात घेऊन.

"उशीर केलास."

"दोनला चार मिनिटं कमी आहेत. तुझं घड्याळ तुझ्यासारखंच, उगाच पुढे धावतं. जेवलास का?"

"सायडर प्यायलो."

"त्याला जेवण म्हणत नाहीत."

"या वयात घशाखाली जे उतरतं, ते जेवण. तू तुझी कुट्टूच्या पिठाची धिरडी चाव, दात आहेत तोवर."

थिएटर चालवणारी माएल तिकिटांच्या खिडकीतून डोकावली. "आज तुम्हाला गंमत आहे हं! नवी प्रत आलीय. रंग धुऊन पुसून लख्ख केलेत. आणि तेव्हा कापलेला एक शॉट सापडला, तोही जोडलाय. लागादेकसाहेबांनीच म्हणे चिठ्ठी लिहून ठेवली होती, 'हा परत लावा' म्हणून."

"कुठला शॉट?" आर्मेलनं विचारलं.

"बघाच की आता!"

कुठला ते आर्मेलला ठाऊक होतं. तिच्यामुळे एकच शॉट कापला गेला होता.

आर्मेलचं काम जुळणी राखण्याचं. एका शॉटमध्ये पेला डाव्या हाताला असेल, तर पुढच्या शॉटमध्येही तो तिथेच असला पाहिजे. ती सगळं मोजायची, मापायची आणि निळ्या वहीत टिपून ठेवायची. लागादेकच्या चौकटीत तर केसाइतकी चूकही दिसे. त्याचा कॅमेरा रुळावरच्या डब्यासारखा फक्त आडवा सरके. दरवाजा बरोबर मधोमध, दिवे दोन्हीकडे सारखे, भिंती कोळंबीच्या रंगाच्या आणि खुर्च्या पिस्त्याच्या. त्या खुर्च्या इव्होंनं रंगवलेल्या. मालकाला, म्हणजे लागादेकला, हवा तो हिरवा मिळेपर्यंत त्यानं अकरा वेळा रंग कालवला होता.

गोष्ट साधी होती. हॉटेलात एकही गिऱ्हाईक नाही, आणि हॉटेल चालतं की नाही हे बघायला आलेला तपासनीस भटारखान्याच्या झरोक्यातून बघतोय. मग वेटर काय करतो, तर नऊ रिकाम्या खुर्च्यांना अदबीनं सूप वाढतो. एका खुर्चीची ख्यालीखुशाली विचारतो, दुसरीला कोपर टेबलावर ठेवल्याबद्दल दटावतो. हे सगळं मख्ख चेहऱ्यानं. लोक पोट धरून हसत.

लागादेक गेला त्या वर्षी पहिल्या खुर्चीत लागादेक दिसला.

थिएटरात बाकी कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. लोक तितकेच हसले. आर्मेलनं घरी जाऊन वही काढली: "खुर्च्या ९, माणसं ०." दुसऱ्या दिवशी तिनं थिएटरात जाऊन फिल्मचा तो तुकडा खिडकीशी धरला आणि भिंगातून एकेक चौकट तपासली. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पडद्यावर मात्र मालक गळ्याशी रुमाल खोचून सुपाची वाट बघत होता. पुढे दिवेवाला गेला, तो दुसऱ्या खुर्चीत आला. मग शिंपीणबाई. गेल्या वर्षी नटांचे केस विंचरणारी जोसियान. आठ झाले होते.

इव्होंलाही ते दिसत. दोघं त्याबद्दल फार बोलत नसत. आज मात्र खुर्चीवर टेकता टेकता तो म्हणाला, "एकच राहिली."

"मला मोजता येतं."

"मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शिवाय रंग माझा. म्हणजे ती माझी."

"आणि मी काय करू? भिंतीशी उभी राहू?"

तो हसला नाही. "तेच तर गं. रात्र रात्र तेच मनात येतं. तू घे, असंही म्हणवत नाही आणि मी घेतो, असंही म्हणवत नाही."

मरणाची भीती आर्मेलला वाटत नव्हती, शरीराचं गणित तिला कळत होतं. पण दहा माणसं आणि नऊ खुर्च्या, हे काही केल्या जुळत नव्हतं.

दिवे मालवले. कोळंबीचा गुलाबी रंग पडद्यावर असा फुलला, की थिएटरभर "अहाहा" झालं. इव्हों कुजबुजला, "बघ! माझा हिरवा. शेवटी खरा दिसला." वेटर जिन्यावर घसरला तेव्हा तो खो खो हसला. आर्मेलही हसली. इतक्या वर्षांनीही ती घसरण नेमकी होती. कॅमेरा हलत नाही, वेटर फक्त चौकटीच्या खालून नाहीसा होतो.

मग जेवणाचा शॉट आला. पहिल्या खुर्चीत मालक. दुसरी, तिसरी... आठवीत जोसियान, केस नीट बसवलेले. नववी रिकामी. आर्मेलनं इव्होंचा हात धरला. खरखरीत होता, गरम होता.

"रिकामीच आहे," ती पुटपुटली.

"हं," तो म्हणाला.

आणि पडद्यावर तो कापलेला शॉट आला. भटारखान्याच्या बाजूनं, तेच टेबल, तीच माणसं. नवव्या खुर्चीत इव्हों बसला होता. टोपी मांडीवर, गळ्याशी रुमाल.

आर्मेलचा हात सवयीनं आधी वहीकडे गेला. आधीच्या शॉटमध्ये रिकामी, या शॉटमध्ये भरलेली. जुळणी चुकली.

वेटरनं इव्होंसमोर सूप ठेवलं. सुपाचा रंग बघून इव्हों हसला, तेच खो खो. ते हसणं तिच्या डाव्या बाजूनं आलं नाही, समोरून आलं. तिच्या मुठीतला हात जड झाला होता. तिनं मान वळवली नाही.

वेटर आणखी एक पाऊल पुढे सरकला. तिथे दहावी खुर्ची होती.

पन्नास वर्षांपूर्वी तिनं केलेली ती एकमेव चूक. दुसऱ्या दिवशी हा शॉट घेताना कुणीतरी एक खुर्ची जास्त आणली आणि तिनं मोजली नाही. नऊच वाडगे घेतलेला वेटर दहाव्या खुर्चीपाशी अडला, पण नट मुरलेला होता. त्यानं ऐनवेळी काहीतरी रचलं, आणि सगळे हसून लोळले. "राहू दे गं," मालक म्हणाला होता. "कुणीतरी उशिरा येईलच की." आर्मेलनं ऐकलं नव्हतं. इकडून नऊ, तिकडून दहा, लोक काय म्हणतील, असं म्हणत तिनं हट्टानं तो शॉट कापायला लावला होता.

आता पडद्यावरचा वेटर रिकाम्या खुर्चीसमोर कमरेत वाकला. टेबलाभोवतीच्या नऊही जणांनी वाडगा तसाच ठेवून तिकडे बघितलं. हे मात्र तेव्हा कुणी चित्रित केलेलं नव्हतं.

"आपलं सूप चुलीवर ठेवलंय, मादाम," वेटर म्हणाला. "सावकाश या."

सगळं थिएटर हसलं.

आर्मेलनं निळी वही उघडली. पडद्याच्या गुलाबी उजेडात योग्य ते पान शोधलं. नऊवर काट मारून दहा लिहिलं, पुढे माणसं किती ती जागा मोकळी सोडली, आणि उरलेला सिनेमा इव्होंचा तो हात न सोडता शेवटपर्यंत बघितला.