कुट्टीची कडबाकुट्टी

बहात्तर सालच्या दुष्काळात कडबा औषधालाही नव्हता, म्हणून तो कापायचं चाकाचं यंत्र, माझी कडबाकुट्टी, रिकामी होती. नाहीतर चांगुणा त्या दिवशीच गेली असती. खोटं वाटत असेल तर नेवाशाला या, चाक अजून दाखवीन.

चांगुणा शेजारच्या मच्छिंद्राची बायको. बाळंत होऊन नववा दिवस. सकाळी बाळाला पाजता पाजता छातीत कळ आली नि कोसळली. नशीब असं की, दुष्काळी कामावरची माणसं तपासायला भिंगारहून एक मल्याळी डॉक्टर आला होता. नाव कुट्टी. यात माझा काही हात नाही.

त्याला नाडी लागेना. काळजाला रक्त पुरवणारी नळी आतून चिरली असावी, कोवळ्या बाळंतिणीला क्वचित होतं असं, म्हणत त्यानं तळवे तिच्या छातीवर रोवले आणि दाबत सुटला. मिनिटाला साठ दाब. थांबलं की संपलं. नगरहून गाडी यायला दोन तास, आणि वीस मिनिटांतच त्याचे दंड थरथरायला लागले.

मी कडबाकुट्टी ओढत आणली. पातं काढलं, चाकाच्या मुठीला मुसळ जखडलं, टोकाला गोधडी गुंडाळली. चाक फिरलं की मुसळ खाली, पुन्हा वर. दाब किती खोल जावा ते कुट्टीनं ठरवलं. मी नि मच्छिंद्र आळीपाळीनं चाक फिरवत होतो, कुट्टी तिच्या तोंडात श्वास फुंकत होता. सासू साळूबाई तुळशीचं पाणी घेऊन आली, तर त्यानं तांब्या बाजूला सारला. चाक फिरवून आमच्या तळहातांची सालटी निघाली.

अखेर पापणी हलली. कुट्टीनं चाक थांबवलं. नाडी होती. पण डोकं शाबूत आहे का?

"बाई, नवऱ्याचा नाव काय?" त्यानं विचारलं.

डोळे उघडे, तोंड बंद. पुन्हा विचारलं. तेच. कुट्टीचा चेहरा उतरला.

साळूबाई मात्र फिस्कारली, "डागदर, सासरा दारात हुबा हाय. नाव कसं घील ती? उखाना मागा की."

चांगुणाचा हात डोक्याकडं सरकला, पदर शोधत. ओठ हलले.

"छातीवर मुसळ, पायाशी काळ... मच्छिंद्ररावांचं नाव घेते, द्या माझं बाळ."

कुट्टीला उखाणा कळला नाही. शेवटचा शब्द तेवढा कळला. त्यानं बाळ उचललं नि तिच्या कुशीत ठेवलं.