फुल्या मारलेले तक्ते

सून काहीतरी लपवत होती, याबद्दल मोठ्या बाईंच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. काय लपवत होती, एवढंच शोधून काढायचं होतं.

बालवाडी मोठ्या बाईंची. अकरा वर्षांपूर्वी सात मुलं आणि एक सतरंजी घेऊन त्यांनी ती सुरू केली. आता मुलं सव्वीस होती. पाच वर्षांपूर्वी सून घरात आली, हळूहळू तीही शिकवू लागली आणि पालकांनी तिला धाकट्या बाई करून टाकलं. इथवर सगळं सुरळीत होतं. पण जागेचा करार संपत आला होता आणि नवा करायची ऐपत नव्हती. लहान मुलांच्या वाढीसाठी काम करणारी एक संस्था अनुदान देत होती. ते मिळालं तर बालवाडी तगणार, नाहीतर सुट्टीनंतर दाराला कुलूप. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा, आणि मोठ्या बाईंचं नि कॉम्प्युटरचं कधीच पटलं नाही, म्हणून ते काम सुनेकडे गेलं. तिथेच चूक झाली, असं मोठ्या बाईंना आता वाटत होतं.

सोमवारी सून व्हरांड्यात फोनवर बोलत होती. सासूला पाहताच "नंतर करते" म्हणून तिने फोन ठेवला. गेल्या आठवड्यापासून डबे खाऊन झाल्यावर ती एकेका मुलाला पडद्यामागे नेत होती आणि पाच-सात मिनिटांनी परत आणून बसवत होती.

"काय चाललंय गं?" मोठ्या बाईंनी मंगळवारी विचारलं.

"काही नाही आई, सहज."

मोठ्या बाईंच्या साठ वर्षांच्या आयुष्यात 'सहज' हा शब्द कुणीही सहज वापरला नव्हता.

बुधवारी मुलं घरी गेली. सून झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेली आणि तिची पिशवी खुर्चीवर राहिली. दुसऱ्याच्या पिशवीत हात घालणाऱ्यांपैकी मोठ्या बाई नव्हत्या. त्यांनी पिशवी नुसती उलटी केली.

आतून आधी अर्जाची छापील प्रत पडली. 'प्रकल्पप्रमुख' या शब्दापुढे सुनेचं नाव होतं. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. मग निघाले सव्वीस तक्ते, प्रत्येक मुलाचा एक. काय येतं, काय येत नाही, याचे. असे तक्ते मोठ्या बाईही दर तीन महिन्यांनी आपल्या वहीत भरत आणि पालक ते पाहून खूश होऊन जात. आज नाही आलं तर उद्या येईल, पोरांचं काय घेऊन बसलात, असं म्हणत त्या सगळीकडे बरोबरची खूण करून टाकत. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक फुली पडली नव्हती. इथे मात्र फुल्यांचा नुसता सडा. मणी ओवता येत नाही, एका पायावर उभं राहता येत नाही, रंग ओळखत नाही. आणि शेवटचा तक्ता ठमीचा. साडेतीन वर्षांची ठमी त्यांची नात, सुनेची स्वतःची मुलगी. तिच्या तक्त्यावर तर चार फुल्या.

पोटच्या पोरीलाही सोडलं नाही हिने! मोठ्या बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारीने काही शिकवलंच नाही असं दाखवायचं, अनुदान स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि सासूला बसवायचं घरी. केवढी आतल्या गाठीची निघाली! त्यांनी तिथल्या तिथे अर्जावरचा संस्थेचा नंबर लावला.

"तुमच्याकडे येणारे तक्ते खोटे आहेत," त्या म्हणाल्या. "खऱ्या वह्या माझ्याकडे आहेत."

पलीकडच्या साहेबांनी बालवाडीचं नाव लिहून घेतलं. चौकशी होईपर्यंत अर्ज थांबवतो म्हणाले. फोन ठेवला तेव्हा मोठ्या बाईंना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

सून परत आली. जमिनीवरचे कागद पाहून ती दारातच थबकली.

"प्रमुख झालीस ना? अभिनंदन," मोठ्या बाई म्हणाल्या.

"प्रमुखाकडे पदविका लागते आई, ती माझ्याकडे आहे. दोनदा सांगितलं तुम्हाला. 'कर तुला हवं ते' म्हणालात." ती खाली बसून कागद गोळा करू लागली. "आणि तुमच्या वह्यांत सगळ्यांना सगळं येतं. मग ते लोक आपल्याला कशाला मदत करतील? मी प्रत्येकाला नीट बसवून पाहिलं. जे दिसलं ते लिहिलं."

"आणि ठमी? 'हातवाऱ्यांशिवाय सांगितलेलं कळत नाही'? अगं, एका शब्दात ऐकते माझी नात!"

"तुम्ही चप्पल म्हणताना चपलेकडे बोट दाखवता. पाणी म्हणताना अंगठा तोंडाशी नेता. सगळ्या वर्गाला तसंच शिकवता, मीही तुमचंच पाहून शिकले." सुनेने ठमीकडे पाहिलं. "हात मागे घेऊन सांगा तिला काहीतरी."

हा पोरकटपणा कशाला, असं पुटपुटत मोठ्या बाई उठल्या. आई-आजीबरोबर मागे थांबलेली ठमी सतरंजीवर ठोकळे रचत होती. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला, तिने वर पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"ठमे, चेंडू आण."

ठमी त्यांच्या तोंडाकडे पाहून हसली.

"चेंडू गं राणी. चेंडू."

ठमीने ठोकळा खाली ठेवला. ती उठली, आजीला वळसा घालून मागे गेली आणि आजीच्या मिटलेल्या मुठीतलं एकेक बोट उघडून आत काय सांगितलंय ते शोधू लागली.

मोठ्या बाई तिथेच सतरंजीवर बसल्या.

"कानाच्या डॉक्टरांना फोन करत होते," सून खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "पुढच्या सोमवारची वेळ मिळालीय. सगळ्यांबरोबर तिचंही पाहिलं. म्हटलं, निघेल काहीतरी साधंच. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मोठ्या बाईंनी ठमीला मांडीवर ओढलं आणि पुन्हा तोच नंबर लावला.

"मघाशी मीच बोलले. ते तक्ते खरे आहेत. खोटे आहेत ते माझे. अर्ज थांबवू नका, चौकशी माझी करा."

"लिहून घेतो," साहेब म्हणाले. "तुमचे खोटे तक्ते किती मुलांचे?"

मोठ्या बाई मनात मोजू लागल्या. मोजता मोजता त्या फार जुन्या एका मुलीपाशी थांबल्या. दोन वेण्यांची, खिडकीशी बसणारी. दोन वर्षांत ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिच्या तक्त्याखाली त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'शांत आणि गुणी'.

"हॅलो? बाई, किती मुलं?"