थांबलेला बेडूक

मित्रांनो, कपाटाच्या खणात, गंजलेल्या कात्र्यांखाली पडलेली ही व्हिडिओ गेमची करडी कॅसेट म्हणजे मी. कार्टूनमधला टुण्या बेडूक एके काळी मुलांच्या गळ्यातला ताईत होता. त्याच्या उड्यांचा खेळ माझ्यात भरला आणि पोटात एक इवली बॅटरी बसवली. खेळणारा जिथे थांबे, ती जागा मी त्या बॅटरीच्याच बळावर लक्षात ठेवी.

एका शिंप्याने मला लेकीसाठी आणले. दऱ्या ओलांडणे म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

"अभ्यासाच्या नावानं शंख, बेडकाला मात्र किल्ले जिंकून देतेस," शिंपी म्हणे.

"बाबा, तुमच्या मशीनपेक्षा माझी बोटं जोरात चालतात."

पुढे तिने आपल्या मनाने लग्न केले. शिंप्याने तिच्या तोंडावर दार लावले. ती पुन्हा फिरकली नाही. टुण्या शेवटच्या किल्ल्यापाशी उभा राहिला.

त्यानंतर दुकान बंद झाले की शिंपी मला खेळाच्या यंत्रात बसवून ती थांबली होती ती जागा उघडी. बटणाला मात्र हात लावत नसे. बेडूक मेला तर? कुणी खेळले नाही की टुण्या आधी पाय आपटतो, मग खाली बसतो, मग डोळे मिटतो.

"रागावलाय," शिंपी म्हणे. आणि काही वेळाने, "झोपला."

एकदा चित्र थरथरू लागले. यंत्राला जोडणाऱ्या माझ्या पितळी दातांवर धूळ बसली होती, एवढेच. शिंप्याचा मेव्हणा टीव्ही दुरुस्त करणारा. त्याने मला उघडले, दात पुसले, आणि उघडलीच आहे तर म्हणून जुनी बॅटरीही बदलली.

"दाजी, नव्यासारखी झाली बघा."

शिंप्याने मला लावले. पडद्यावर साऱ्या जागा रिकाम्या होत्या.

"तिची जागा कुठं गेली?"

"कुणाची?"

शिंप्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "चहा घेऊन जा."

त्या दिवसापासून मी खणात आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझी बॅटरी उत्तम चालते; तिच्यापाशी लक्षात ठेवण्याजोगे काही उरलेले नाही, इतकेच. पण कुणी एखादी वस्तू न वापरता नुसती उघडून बसत असेल, तर तिला नवी करण्याआधी त्याला विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर वस्तूपुढे बसून राहू नका. शिंप्याची लेक चार गल्ल्या पलीकडे राहते. त्याला घर ठाऊक आहे.