चिनूचा सारखा केलेला चेहरा

मृदुलाने फळीवरच्या मातीच्या चेहऱ्याचे वाकडे नाक चिमटीत धरून सरळ केले, आणि समोर पाटावर बसलेल्या चिनूचे नाक सरळ झाले. दुखले का, असे तिने विचारलेही. चिनूने नकारार्थी मान हलवली, तेव्हा मृदुलाने दोन्ही कानही सारखे करून टाकले.

दोष तिचा एकटीचा नव्हता. शहराबाहेरच्या त्या बालकलाग्रामात पोचता पोचता श्रीरंगने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दोनदा वळण चुकवून उशीर केला होता. त्यातून सात वर्षांच्या लेकीने तासभर खपून स्वतःचा चेहरा म्हणून जे थापले होते, ते उकडलेल्या रताळ्यासारखे दिसत होते. दारावरच्या पाटीवर लिहिले होते की मोठ्यांनी केवळ पाहावे. पण दिवाळीतला किल्ला, शाळेचा कागदी मोर, चित्रातल्या गणपतीची सोंड, सारे आजवर मृदुलानेच पुरे केले होते. लेकीचे काम नीटनेटके करून देणे ही त्या घरात पोळीला तूप लावण्याइतकी साधी गोष्ट होती. तिने पाण्यात बोट बुडवून ओठांची फट लिंपली आणि हनुवटी घोटली.

श्रीरंग उसाचा रस घेऊन आला आणि पेला लेकीपुढे धरून थबकला.

"ही कोणाची?"

"आपलीच. जरा सारखी केली."

"छान दिसते," तो म्हणाला. "पण जत्रेत हरवली तर मला ओळखता यायची नाही."

मातीकाम शिकवणाऱ्या ताईंनी चेहरा पाहिला, पाटी पाहिली आणि सुस्कारा सोडला. दर रविवारी एखादी तरी आई असे करतेच, म्हणाल्या. भट्टी चारला लागते, तोवर होते तसे करून ठेवा. भाजलेली माती पुन्हा मळता येत नाही.

साडेतीन वाजले होते. फोनमधले फोटो काढून पाहावेत, तर तिथेही वाढदिवसाच्या टोपीखाली हाच गुळगुळीत चेहरा. मग दोघे आठवू लागले. मृदुलाने नाक डावीकडे झुकवले, श्रीरंग म्हणाला उजवीकडे. पाटावरचे नाक निमूटपणे इकडून तिकडे गेले.

"रोज वेणी तू घालतेस तिची," तो म्हणाला.

"वेणी मागून घालतात."

एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत झाले: हसली की चिनूच्या गालाला खळी पडे. तिला हसायला सांगितले, पण लिंपलेल्या ओठांतून हसू निघेना. मृदुलाने केसांतला आकडा काढून फट कोरली.

"आई, मला करू दे," चिनू म्हणाली.

"थांब गं. झालंच. एवढी खळी राहिलीय."

मृदुलाने गालावर अंगठा दाबला. खळी उथळ वाटली, म्हणून आणखी दाबला. ओली माती अंगठ्याभोवती शांतपणे मिटली. ताई फळी घ्यायला आल्या तेव्हा तो अर्धा आत होता.

"हात काढा."

"काढला तर भोक पडेल."

"आई, सोड," चिनू म्हणाली. एका बाजूने तिचे शब्द वाऱ्यासारखे निसटत होते.

ताईंनी फळी उचलली. अंगठा गालात तसाच धरून मृदुला फळीबरोबर चालू लागली. पलीकडून चिनू, मान तिरपी करून, तिच्या पावलाला पाऊल जुळवत निघाली. भट्टीचे दार एका माणसाला वाकून आत शिरता येईल एवढे होते.