लंबकाची जादा टाकी

मोटरसायकलला जादा टाकी बसवून घेणारी माणसं दोन प्रकारची. एकाला खरंच लांब जायचं असतं आणि दुसऱ्याला आपण लांब जाणार आहोत असं शेजाऱ्यांना दाखवायचं असतं. लंबक या दोन्हींत बसत नव्हता. तसा तो कुठेच बसत नव्हता. माझ्या वर्कशॉपात तीन स्टुलं आणि एक आरामखुर्ची आहे, पण चार दिवसांत त्याने एकावरही बूड टेकलं नाही. दारापासून भट्टीपर्यंत, भट्टीपासून दारापर्यंत. चौथ्या दिवशी फरशीवर त्याच्या चालण्याची घळ पडली. सांडलेलं पाणी आता तिच्यातून आपोआप दाराबाहेर जातं. सोयीची आहे म्हणून मी ती बुजवली नाही.

त्याचा धंदा घड्याळं दुरुस्त करायचा. लंबक हे नाव त्याला खुद्द त्याच्या बायकोने ठेवलेलं. घरून निघायचं, अर्ध्या वाटेवर जायचं आणि परत फिरायचं, हा त्याचा नेम.

"काका, आठ लिटरची करा," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"तुझी मूळ टाकी चौदा लिटरची आहे. पावणेचारशे किलोमीटर हसत जाते. आणखी काय हवंय?"

"दादाचं घर साडेचारशेवर आहे. आणि तीनशेव्या किलोमीटरला पंप आहे."

"मग भर की तिथे."

"तिथेच तर घोडं अडतं," लंबक म्हणाला आणि दाराकडे चालू लागला. पुढचं मला त्याच्या पाठीकडून ऐकावं लागलं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते. थोरल्या भावाने फोन केला, लगेच नीघ. लंबक त्या वेळी एका मनोऱ्याचं घड्याळ उघडून बसला होता. चाकं सगळी पोत्यावर पसरलेली. तो म्हणाला, उद्या येतो. वडील त्या रात्रीच गेले. दुसऱ्या दिवशी हा पोचला तेव्हा थोरला भाऊ दारातच उभा होता. फक्त एवढंच म्हणाला, "तुझ्या घड्याळात उद्या किती वाजता होतो रे?" त्यानंतर दोघांत चकार शब्द नाही.

"तीनदा निघालो, काका. तीनदा त्या पंपावर थांबलो. पेट्रोल भरेपर्यंत पाच मिनिटं हात मोकळे राहतात. हात मोकळे झाले की डोकं चालतं. डोकं म्हणतं, कुठल्या तोंडाने जातोस? की गाडी वळलीच."

"मग बसने जा."

"बसने एकदा गेलो. बस थांबते."

"मग आता एवढी घाई कसली? नऊ वर्षं मुरवलंस, आणखी एक वर्ष मुरेल."

लंबक थांबला. त्याला थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "दादाचा एक डोळा गेलाय. दुसऱ्याचं सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, दिसेल किंवा दिसणार नाही. शनिवारी मला त्याच्यासमोर उभं राहायचंय. त्याला दिसतंय तोवर. या वेळी उशीर नको."

मग मी जास्त बोललो नाही. म्हणजे माझ्या मानाने.

टाकी मी मागच्या कॅरिअरवर घ्यायची ठरवली. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरायचं तर टाकी कार्बोरेटरपेक्षा उंच हवी. खरं तर मागच्या सीटवर बसवणं बरं होतं, वजन गाडीच्या पोटाजवळ राहतं. पण लंबक ऐकेना. "मागची सीट मोकळी ठेवा."

"एकटाच जाणार ना? सीटवर कोण, तुझी सावली?"

"मोकळी ठेवा म्हणजे ठेवा."

ठेवली. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि हा तर फिरता देव. जाड पत्रा कापला, कडा झाळल्या, पेट्रोल वळणावर हिंदकळू नये म्हणून आत दोन आडपत्रे घातले. खाली रबराचे तुकडे दिले, नाहीतर कॅरिअरच्या थरथरीने झाळकामाचे डाग सुटतात. तळाला कॉक, कॉकपासून पाइप, मध्ये फिल्टर, आणि पाइप मूळ टाकीच्या पाइपाला तिठ्यावर जोडला. मूळ टाकी संपली की तिचा कॉक बंद करायचा, मागचा उघडायचा, हात मागे नेऊन, गाडी न थांबवता. हे लंबकाने वर्कशॉपातच दोनशे वेळा करून पाहिलं.

आणि टोपणाशेजारी तांब्याची बारीक नळी, पाऊस आत जाऊ नये म्हणून खाली वाकवलेली. तिला मी श्वासनळी म्हणतो. पेट्रोल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. नाक दाबलं की माणसाचं तोंड उघडतं, टाकीचं मात्र बंद होतं.

टाकी गळते का हे बघायची माझी रीत अशी. श्वासनळीत लाल रबरी बूच खुपसायचं, सायकलच्या पंपाने आत हवा भरायची, वरून साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा आला तिथे डाग कच्चा. हे बूच एकच आहे आणि त्याची जागा दारावरच्या खिळ्यावर. बूच खिळ्यावर परत टांगल्याशिवाय गाडी उंबरा ओलांडत नाही. चाळीस वर्षांचा नियम. लग्नात मी बायकोला सात वचनं दिली त्यातली दोन विसरलो, हा नियम विसरलो नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी साबणाचं पाणी फिरवत होतो आणि लंबक माझ्याभोवती फिरत होता. फिरताना त्याचा पाय दोनदा पाण्याच्या डब्याला लागला. त्याला एका जागी खिळवायला माझ्याकडे एकच हत्यार होतं, ते काढलं.

"तुला मी त्या सतरा दिवसवाल्याची टाकी सांगितली का?"

"नाही."

"त्याने माझ्याकडून एवढी मोठी टाकी करून घेतली की सतरा दिवस त्याला उतरताच आलं नाही. चौथ्या दिवशी त्याची सावली दमली. म्हणाली, तू हो पुढे, मी चहा पिऊन येते. ती अजून त्या टपरीवर बसलीय, बिल कोण देणार म्हणून उठत नाही. नवव्या दिवशी त्याची दाढी एवढी वाढली की वाऱ्याने ती मागच्या नंबरप्लेटवर पसरली, आणि पोलिसाने थांबवलं."

"मग उतरला ना?"

"कसला उतरतो? पोलीसच मागे बसला, पावती फाडता फाडता. समुद्र आला तेव्हा—"

समुद्र आला तेव्हा काय झालं हे मला आता आठवत नाही. एवढं आठवतं की लंबक स्टुलावर बसला होता. खरोखर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. असा श्रोता मिळाल्यावर कोण थांबतो? मी गोष्ट सांगत राहिलो, साबण पुसला, पंप काढला, पेट्रोल भरलं, टोपण आवळलं. "रस्त्यात हे उघडायचं नाही," मी बजावलं. "धूळ आत गेली की कार्बोरेटर बसलाच म्हणून समज." आणि पोलिसाच्या लग्नापर्यंत पोचता पोचता गाडी त्याच्या ताब्यात दिली.

शनिवारी पहाटे सहाला तो निघाला. दहाला मी दुसऱ्या एका टाकीची परीक्षा घ्यायला बसलो, हात सवयीने खिळ्याकडे गेला, आणि खिळा नुसताच होता.

आधी टेबल उलटं केलं. मग खिसे. मग तोंडात तर नाही ना म्हणून जीभ फिरवली. नाही. बूच कुठे आहे हे मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. ते दोनशे किलोमीटरवर होतं आणि ताशी पंचावन्नच्या वेगाने माझ्यापासून दूर चाललं होतं.

माझी स्कूटर काढली. हिची टाकी पाच लिटरची आणि उमेद त्याहून कमी. चौथ्या किलोमीटरला हिशेब सुचला: या वेगाने मी लंबकाला गाठीन ते पुढच्या शनिवारी. आणि स्कूटर रिझर्व्हला आली होती. जादा टाकीवाल्याचा पाठलाग करताना मला पेट्रोल भरायला थांबावं लागलं, हे कोणाला सांगू नका.

तशीच स्कूटर वळवली आणि लंबकाचं घर गाठलं. त्याची बायको घड्याळांच्या काचा पुसत होती.

"पोरी, त्याला फोन लाव."

"फोन हा काय. घरीच ठेवून गेलेत. वाजला की थांबावं लागतं, म्हणाले." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, काय केलंत?"

सांगितलं. ती घड्याळवाल्याची बायको, तिने लगेच मांडणी केली. "मूळ टाकी एकच्या सुमाराला संपेल. मागची उघडली की?"

"दहाबारा किलोमीटर चालेल. मग आचके देईल आणि बंद."

"आणि बंद पडली की यांचे हात मोकळे."

"हो."

"परत फिरतील."

"कशावर? ढकलत?"

"तुम्ही ओळखत नाही त्यांना. येणारा पहिला ट्रक थांबवतील. तो या बाजूला येणारा असेल याची काळजी घेतील."

आम्ही दोघंही उभेच होतो. भिंतीवर अकरा घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक वेगळी, आणि मी त्यांच्यासमोरून फेऱ्या घालत होतो. लंबकाच्या घरात लंबकासारखा.

"थोरल्याचा नंबर कोणाकडे असेल?" मी विचारलं.

तिने काच खाली ठेवली. "थोरल्या जाऊबाईंचा माझ्याकडे आहे."

"असा कसा?"

"नऊ वर्षं दर गुरुवारी बोलतो आम्ही. भांडण भावांचं आहे, आमचं कशाला असेल? यांना सांगू नका मात्र."

फोन लावून तिने माझ्या हातात दिला. जाऊबाईंना मी सगळं सांगितलं: साठेक किलोमीटर अलीकडे गाडी बंद पडेल, टोपणाशेजारच्या वाकड्या नळीत लाल बूच आहे, ते उपटलं की झालं. कोणालातरी पाठवा. पलीकडे बराच वेळ कुजबुज. मग एक जाडा आवाज आला.

"टाकी तुम्ही केलीत?"

"हो."

"बूच तुम्ही विसरलात?"

"हो."

"बरं," थोरला म्हणाला आणि फोन बंद.

पुढचे पाच तास आम्ही कसे काढले ते विचारू नका. तिने तीच काच इतक्या वेळा पुसली की शेवटी काच उरली नाही, नुसता फडका चमकत होता.

पुढचं मी पाहिलं नाही, त्यामुळे ते मला जास्त नीट सांगता येतं. शिवाय लंबक, थोरला आणि दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर, तिघांकडूनही ऐकलंय.

थोरल्याने निरोप कोणाकडे दिलाच नाही. शेजारची दुधाची गाडी थांबवली आणि काठी घेऊन पुढे बसला. ड्रायव्हरला म्हणाला, "मला लांबचं दिसत नाही. बंद मोटरसायकलभोवती कोणी फेऱ्या मारताना दिसला तर थांब. बसलेला असेल तर तो माझा भाऊ नव्हे."

लंबक तोवर कॉक तपासून चुकला होता, पाइप काढून फुंकून चुकला होता. टाकी हलवली की आत पेट्रोल डुचमळत होतं. टोपण तेवढं उघडलं नाही, कारण मी बजावलं होतं आणि चांगला कारागीर दुसऱ्या कारागिराचा शब्द मोडत नाही. उघडलं असतं तर हवा आत जाऊन गाडी तिथेच चालू झाली असती. तासभर घिरट्या घालून शेवटी त्याने उलट्या बाजूने येणाऱ्या एका ट्रकला हात केला. ट्रक थांबला. लंबकाने एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात दुधाची गाडी येऊन उभी राहिली आणि तिच्यातून काठी आधी उतरली.

थोरला काठीमागून उतरला. गाडीपाशी आला, काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी टाकी चाचपत गेला. कड, डाग, टोपण, नळी. बोटांना रबर लागलं. ओढलं. टाकीने आत असा श्वास घेतला की ड्रायव्हरची टोपी उडाली, असं ड्रायव्हर म्हणतो. टोपी मी पदरची घातलेली नाही.

"होईल आता चालू," थोरला म्हणाला.

लंबकाचा पाय अजून ट्रकच्या पायरीवर होता. "दादा, तू कसा आलास?"

"तू थांबलास की परत जातोस, असं ऐकलं."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. लंबकाने पाय काढला.

"किती वाजले?" थोरल्याने विचारलं.

"दोन वाजून दहा मिनिटं."

"वार?"

"शनिवार."

"ऑपरेशन सोमवारी आहे," थोरला त्याच्या तोंडाजवळ तोंड नेत, एका डोळ्याने त्याला न्याहाळत म्हणाला. "म्हणजे या वेळी लवकर आलास. केस पांढरे झाले की तुझे."

लंबकाने तोंड फिरवलं आणि उगाच कॉक तपासला. "आठ लिटर आहे. घरी परत जायला पुरणार नाही."

"माझ्या घरापर्यंत?"

"पुरून उरेल."

"मग चल. दुधाचा वास येतोय मला त्या गाडीत." आणि थोरला चाचपत मागच्या मोकळ्या सीटवर बसला, दोन्ही हात धाकट्याच्या खांद्यांवर ठेवून. साठ किलोमीटरांत लंबकाने गाडी कुठेच थांबवली नाही. आता मात्र थोरल्याला थांबायचं होतं, म्हणे. पाय आखडले होते.

चारच्या सुमाराला जाऊबाईंचा फोन आला. लंबकाच्या बायकोने ऐकला, बंद केला आणि अकराही घड्याळांना एकेक करून किल्ली दिली.

आता बाजारात लोक म्हणतात, म्हाताऱ्याने बूच मुद्दाम ठेवलं. काय डोकं, म्हणतात. मी शपथेवर सांगतो की विसरलो, तर हसतात आणि डोळा मारतात. सतरा दिवसवाला त्यांना पटतो, हे पटत नाही.

बुधवारी वर्कशॉपात फोन वाजला. जाडा आवाज.

"डोळ्यावर पट्टी आहे. शुक्रवारी सोडतील. दिसलं तर दिसलं."

"आणि तो कुठाय?"

"माझ्या खोलीत फेऱ्या घालतोय. नर्सने दोनदा हाकललं." मग म्हणाला, "तुमचं बूच माझ्या खिशात आहे. द्यायला आम्ही दोघं येऊ. तोवर तो खिळा रिकामाच ठेवा, आणि दुसरी टाकी करू नका."

खिळा रिकामा आहे. दोन गिऱ्हाइकं परत गेली. मी दारापासून भट्टीपर्यंत जातो, भट्टीपासून दारापर्यंत येतो. घळ तयारच आहे.