राहूकाळ संपेपर्यंत

नानासाहेबांच्या घरात वॉशिंग मशीन आलं तेव्हा ते आठवडाभर खोक्यातच पडून होतं. का, तर मुहूर्त नव्हता. इकडं सून प्रमोदिनी बाथरूममध्ये चादरी आपटतेय आणि तिकडं नवं कोरं मशीन कोपऱ्यात उभं. हसू नका. चिकलठाण्याच्या त्या फ्लॅटात गॅसची नवी टाकी लावायची तरी नाना आधी पंचांग उघडायचे. आणि त्यांचा मुलगा श्रीरंग, औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला असलेला चांगला एम.एस्सी. झालेला माणूस, हातात पाना धरून "नाना, लावू का?" म्हणून विचारायचा. अशा घरात नातीचा मेजर विषय काय सहजासहजी ठरणार होता?

काम तसं एवढंसं. सावनीचं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपलं होतं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असे तीन विषय झाले, आता त्यातला एक मेजर म्हणून धरायचा आणि पुढची सगळी वर्षं त्याच्याशीच संसार करायचा. कॉलेजच्या साइटवर जायचं, विषयावर टिचकी मारायची, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा, संपलं. मात्र एकदा भरलं की बदलून मिळत नाही, आणि मुदतीत नाही भरलं तर कॉलेज उरल्यासुरल्या जागेवर ढकलून देतं. मुदत होती मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नानांनी सोमवारपर्यंतचे सगळे दिवस एकामागून एक नापास केले. मंगळवारी दुपारी तीनपर्यंत भद्रा, तिथून साडेचारपर्यंत राहूकाळ.

"साडेचार ते पाच," नाना चष्मा काढत म्हणाले. "वेळ कशी स्वच्छ आहे बघ! तेव्हाच भरायचं."

विषय कोणता, हा प्रश्नच नव्हता. केमिस्ट्री. बाप केमिस्ट, पोरगी केमिस्ट्रीत वर्गात दुसरी, आणखी काय पाहिजे? श्रीरंगनं कंपनीतल्या चार जणांना सांगूनही टाकलं होतं की आमची सावनी आमच्याच लाइनीत येतेय. तो हे सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा असा फुलायचा की समोरच्याला पेढा मागावासा वाटायचा.

आणि सावनीच्या पोटात गोळा यायचा. नुसता म्हणायला नाही, खराखुरा गोळा, बरगड्यांच्या खाली. केमिस्ट्रीच्या लॅबचं दार दिसलं की तिचे तळहात ओले व्हायचे. ॲसिडच्या बाटलीचं काचेचं बूच फिरवताना जो करकर आवाज येतो ना, तो ऐकला की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. ब्युरेट, ती ॲसिड भरायची काचेची उभी नळी, तिनं वर्षभरात एकदाही भरली नव्हती. तुम्ही म्हणाल, मग दुसरी कशी आली? तर तिची लॅबमधली जोडीदारीण होती विशाखा, सोयगावची. शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेतलेली पोरगी, तिला ॲसिडचं काय? विशाखा ओतायची, हलवायची, रंग बदलला की सांगायची, आणि सावनी लांब उभी राहून आकडेमोड करायची. आकडेमोड मात्र अशी की सर खूश. दोघींनाही मार्क मिळाले आणि कुणाला काही कळलं नाही.

"पण औंदा जोडी नाय बरं का," विशाखानं सुट्टी लागताना सांगितलं होतं. "मेजरवाल्याला येगळं टेबल. ज्याचं त्यानं करायचं. आणि मी तर फिजिक्स घेणार. लई घाबरतीस तू, सांग की घरी एकदा!"

सांग म्हणे. सांगणं एवढं सोपं असतं तर पोरीनं जेवण कशाला सोडलं असतं?

सोमवारी ती कॉलेजच्या वाचनालयात एकटी बसली आणि जिवाचा हिय्या करून मॅथ्सवर टिचकी मारून टाकली. साइटनं ओटीपी मागितला. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की ॲडमिशनच्या वेळी नंबर बाबांचा दिलाय. आपल्याकडं पोरांच्या प्रत्येक कागदावर नंबर बापाचाच असतो! तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं लॅपटॉप बंद केला, सगळं तसंच सोडून घरी आली आणि संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत बसली. श्रीरंग आला, बूट काढले आणि म्हणाला, "दुपारी कसला ओटीपी आला होता गं? मोबाईल गेटवर जमा असतो, आत्ता बघितला."

"साइट चालू आहे का बघत होते, बाबा."

"हुशार आहेस," तो म्हणाला आणि चहाला गेला. 

मंगळवारी श्रीरंगनं अर्धी रजा टाकली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, प्रमोदिनीनं त्याच्या झाकणाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, नाना पंचांग घेऊन खुर्चीत बसले. तीन वाजले आणि राहूकाळ लागला. आता दीड तास नुसतं बसायचं. स्क्रीनवर तीन विषयांची नावं उघडी आणि त्यांना हात लावायचा नाही. पंखा गरगरत होता तरी सावनीच्या कानामागून घाम ओघळत होता. नुसतं बसून राहणं तिला सोसेना. आता नाही बोलले तर साडेचारला बाबा स्वतःच्या बोटानं केमिस्ट्री दाबतील, आणि मग त्या टेबलापाशी मी एकटी, या विचारानं तिनं खुर्ची बापाकडं सरकवली.

"बाबा, मला एक बोलायचंय."

"आत्ता नाही!" नाना कडाडले. "राहूकाळात नवीन विषय काढायचा नाही."

"नाना, जुनाच आहे." तिचा आवाज चिरकला. "बाबा, मला केमिस्ट्री नको. मला लॅबची भीती वाटते. वर्षभर सगळं विशाखानं केलं. मी बाटलीला हातसुद्धा लावलेला नाही."

 श्रीरंग चक्क हसला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण हा हसला. "भीती? अगं वेडे, भीती कसली त्यात! तू तिसरीत होतीस तेव्हा माझ्या डोळ्यांत कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं होतं, आठवतं ना? सँपल काढताना व्हॉल्व्ह सटकला आणि फस्सकन आलं तोंडावर. काय झालं मला? धुतले डोळे, दवाखान्यात ड्रॉप घातले, डॉक्टर म्हणाला दोन-तीन दिवस धूसर दिसेल, घरी जा. आलो की नाही रिक्षात बसून?"

हा किस्सा तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे. तो सांगायला लागला की सावनी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायची. आज उठायची सोय नव्हती.

"आणि मजा ऐक," श्रीरंग रंगात आला होता. "दिवेलागण झाल्यावर घरी येऊन बसलो, तर आमच्या नशिबानं लाईट गेली! तुझी आई मेडिकलवर गेलेली, नाना तेव्हा पैठणला, घरात मी आणि ही चिमुरडी. एक तर धूसर, त्यात मिट्ट काळोख. पंखा बंद, वैशाखातला उकाडा, मी आंघोळ केल्यासारखा भिजलेला. हिला विचारलं, लाईट गेली का गं? तर म्हणते, हो बाबा, सगळ्या कॉलनीची गेलीय! माझा हात धरून बसली होती. लाईट आली तेव्हा कुठं हायसं वाटलं."

"लाईट गेली नव्हती, बाबा."

"काय?"

"गेली नव्हती लाईट." सावनीला रडू फुटलं, पण आता ती थांबणार नव्हती. "ट्यूब चालू होती. तुम्ही तिच्याखाली बसला होतात. तुमचे डोळे उघडे होते, आणि तुम्ही विचारलं लाईट गेली का. मी हो म्हटलं. मग मला वाटलं पंख्याचा आवाज येतोय, तुम्हाला कळेल. म्हणून मी स्टुलावर चढून पंखा बंद केला."

श्रीरंगनं प्रमोदिनीकडं बघितलं. ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. "खरंय," ती हळूच म्हणाली. "मी औषध घेऊन आले तर घरभर लख्ख उजेड, आणि ही मला तोंडावर बोट ठेवून गप्प बस म्हणत होती. तुम्ही म्हणालात, मेणबत्ती लाव गं. मी लावली. काय करणार होते? तुम्हाला सांगून तुमचे हातपाय गाळायचे?"

"म्हणजे मला दिसत नव्हतं." तो हे अगदी सावकाश म्हणाला. "मेणबत्तीपण दिसली नव्हती मला. मला वाटलं, वाऱ्यानं विझली."

"जेवणवेळेला तुम्ही म्हणालात, आली बघ लाईट," सावनी म्हणाली. "तेव्हा मी पंखा लावला."

एवढी वर्षं ज्या गोष्टीवर त्यानं शंभर पंगती हसवल्या, ती गोष्ट श्रीरंग आता पहिल्यांदा ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत उतरत असा झाला की सावनीला वाटलं, आपण हे काय करून बसलो. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग वर ट्यूबकडं बघितलं. दुपारची वेळ, ट्यूब बंद होती. तो उठून बटणापाशी गेला, ट्यूब लावली, बघितली आणि तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. बावन्न वर्षांच्या माणसाची पाचावर धारण बसली होती, तीही दहा-अकरा वर्षं उशिरानं.

"तू आठ वर्षांची होतीस गं," तो म्हणाला. "एकटीनं..."

"मला अजून स्वप्नात ती ट्यूब दिसते, बाबा. लॅबमध्ये बूच उघडलं की तीच दिसते. मी नाही करू शकत. मला मारा, बोला, पण मी नाही करू शकत."

नानांच्या मांडीवरचं पंचांग कधी घसरून खाली पडलं ते त्यांनाही कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मला पैठणला कुणी कळवलंसुद्धा नाही," आणि नाक ओढत बसून राहिले. सगळ्या घराच्या वेळा राखणाऱ्या त्या माणसाचं त्या दिवशी घड्याळाकडं लक्ष नव्हतं. साडेचार वाजून गेले, राहू आपल्या वाटेनं निघूनही गेला, आणि कुणाला पत्ता नाही.

"अहो, पाचला दहा कमी!" प्रमोदिनी किंचाळली तेव्हा सगळे भानावर आले.

मग जी धांदल उडाली, विचारू नका. साइट आपोआप लॉगआउट झाली होती. परत उघडायला गेलं तर नुसतं चाक फिरतंय. सगळं शहर त्याच वेळी फॉर्म भरत असणार! घाईघाईत सावनीचा पासवर्ड दोनदा चुकला. तीन नावं पुन्हा स्क्रीनवर आली तेव्हा तिनं बापाकडं बघितलं. त्यानं हो म्हटल्याशिवाय तिचं बोट हलणार नव्हतं, हे तिला आणि त्यालाही माहीत होतं.

"मॅथ्स टाक," श्रीरंग म्हणाला. "टाक लवकर."

तिनं टाकलं. त्याचा मोबाईल टुणकला. तो आकडे वाचायला गेला आणि त्याला वाचता येईनात, डोळे भरून आले होते. "मला दिसत नाहीये," तो म्हणाला, आणि ते शब्द ऐकून सावनीच्या काळजाचा ठोकाच चुकला. तिनं मोबाईल त्याच्या हातातून ओढला, आकडे टाकले, बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि एकदाचा हिरवा शिक्का आला. मॅथेमॅटिक्स. पाच वाजायला दोनच मिनिटं होती.

संध्याकाळी प्रमोदिनीनं शिरा केला. विशाखाला फोन झाला, ती पलीकडून "सुटलीस बाई!" म्हणून ओरडली. नानांनी गणित हा ज्योतिषाचा बाप कसा, यावर प्रवचन दिलं आणि आपला मुहूर्तच कसा लाभला तेही सांगितलं. काय बोलायचं त्यांना! सावनी हसली, दोन वाट्या शिरा खाल्ला, आणि वाट बघत बसली की आता पोटातला गोळा जाईल. आता कुठली लॅब, कुठलं ॲसिड? पण गोळा हलेना. जिथं होता तिथंच होता.

सकाळी फर्स्ट शिफ्ट होती. श्रीरंग दारात बूट घालत होता आणि सावनी भिंतीला टेकून बघत होती. एरवी तो बूट घालता घालता गाणं गुणगुणायचा. आज गप्प होता. डबा घेतला, पास घेतला, मग बॅगेची चेन उघडून आत कंपनीचा सेफ्टी गॉगल आहे का ते चाचपलं. चेन लावली. परत उघडून परत चाचपलं. आपली भीती कुणाच्या डोळ्यांसाठी होती, हे तिला तेव्हा कळलं आणि तिचा जीव कासावीस झाला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पण सोडा ना ते. दुसरं काहीतरी घ्या."

श्रीरंगनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार पडला होता. हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

"माझा विषय आता कोण बदलून देणार, बाळा?"

खाली कंपनीच्या बसनं हॉर्न दिला आणि तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. सावनी गॅलरीत उभी राहिली. गणिताचं नवं पुस्तक टेबलावर होतं, पण संध्याकाळी तो परत येईपर्यंत तिच्याच्यानं त्याचं एक पान उलटवलं नाही.